काचेवरची लेखणी

लेखणीचें राज्य संपलें, असें मधल्या काळांत पुष्कळांनीं गृहीत धरलें होतें. टंकयंत्र आलें, मागोमाग संगणक आला, मग मोबाइल घरोघर पोंचला. आणि लिहिणें म्हणजे कळा दाबणें, अशी एका पिढीची समजूत होऊन बसली. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत वारा फिरला आहे. ज्या यंत्रांनीं हातांतली लेखणी काढून घेतली, तींच यंत्रें ती परत देऊं लागलीं आहेत. बोटानें काढलेलें अक्षर ओळखून त्याचें छापील अक्षर करणारा कळफलक, टॅब्लेटच्या काचेवर चालणारी पेन्सिल, लहान मुलांकडून ठिपक्यांवरून अक्षरें गिरवून घेणारीं ॲप्स, आणि शिक्षकानें दूर बसून लिहावें व विद्यार्थ्यांनीं घरीं पाहावें असे विद्युत्-फळे, हीं सारीं साधनें आज ऑनलाइन शिक्षणाच्या बाजारांत मांडलेलीं आहेत. त्यांची जाहिरात भरपूर होते. परीक्षण मात्र होत नाहीं. एखादी कादंबरी निघाली तर तिचे गुणदोष दाखविण्यास दहा टीकाकार सरसावतात. मूल ज्या साधनावर पहिलें अक्षर काढतें त्या साधनाविषयीं मात्र ‘मुलें रमतात’ एवढेंच प्रशस्तिपत्र पुरेसें समजलें जातें. ही उणीव अंशतः भरून काढावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा प्रश्न मोठ्या शहरांपुरता आहे, असेंहि कोणी समजूं नये. १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या आमच्या वाशीम जिल्ह्यांत २०२० सालीं शाळांना कुलपें लागलीं, तेव्हां राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेनें ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ह्या नांवाखालीं पाठ पालकांच्या मोबाइलवर पाठविण्यास सुरुवात केली. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत अनेक घरांत बापाचा मोबाइल हाच मुलाचा फळा झाला. पुढें शाळा उघडल्या. परंतु मोबाइलनें शिक्षणांत मिळविलेली जागा सोडली नाहीं. महाज्योतीसारख्या शासकीय संस्थेनें प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठीं विद्यार्थ्यांस टॅब्लेटहि दिले. तेव्हां काचेवर कसें लिहावें आणि त्या लिहिण्याचें पुढें काय होतें, हा विषय आतां आपल्या घरांतला झाला आहे.

परीक्षण करावयाचें तर कसोटी हवी. अक्षर किती लवकर ओळखलें, शंभरांत किती शब्द बिनचूक उतरले, ह्या कसोट्या यंत्राच्या झाल्या; शिक्षणाच्या नव्हेत. शिक्षणाच्या दृष्टीनें विचारावयाचा प्रश्न आमच्या मतें असा आहे: मुलाच्या हातून उमटलेलें लेखन, त्यांतील वांकडेंपण, खाडाखोड आणि अवयवांचा क्रम यांसह, हें साधन जपून ठेवतें कीं पुसून टाकतें? जेथें तें टिकतें तेथें शिक्षकाला मूल कोठें अडलें हें दिसतें. जेथें तें पुसलें जातें तेथें लेखणी ही नुसती मंद गतीची कळ होऊन राहते. समर्थांनीं ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेच्या निरूपणाला दिला आहे. परमार्थाच्या ग्रंथांत अक्षराचें वळण, ओळींतील अंतर आणि लेखणीची निगा यांचा विचार यावा, ह्याचें आज कित्येकांस नवल वाटेल. परंतु हाताची शिस्त मनाच्या शिस्तीपासून वेगळी काढतां येत नाहीं, हें आपल्याकडे जुनेंच ज्ञान आहे.

यंत्र आणि अक्षर यांचें भांडणहि तसें जुनें आहे, आणि त्यांत आजपर्यंत बहुधा अक्षरालाच माघार घ्यावी लागली. टंकाच्या व खिळ्यांच्या चौकटींत देवनागरी बसेना, तेव्हां यंत्र बदलण्यापेक्षां लिपि बदलावी, असा विचार मोठमोठ्या माणसांनीं केला. सावरकरांनीं पुरस्कारिलेली ‘अ’ची बाराखडी काय, किंवा १९४७ सालीं संयुक्त प्रांताच्या सरकारनें नेमलेल्या आचार्य नरेंद्र देव समितीचा खटाटोप काय, दोहोंच्या मुळाशीं यंत्राची सोय हें एक मोठें कारण होतें. पाश्चात्यांचीहि यांतून सुटका झाली नाहीं. १९९३ सालीं ॲपल कंपनीनें ‘न्यूटन’ नांवाचें हस्ताक्षर ओळखणारें उपकरण काढलें. त्याच्या चुकांची इतकी टिंगल झाली कीं त्याचें नांवच थट्टेचा विषय बनलें. १९९६ सालीं आलेल्या ‘पाम पायलट’नें वेगळी युक्ति केली. माणसाचें अक्षर ओळखण्याच्या फंदांत न पडतां त्यानें माणसालाच नवीं, सोपीं केलेलीं अक्षरें शिकावयास लाविलीं. त्या ‘ग्राफिटी’ लिपींत इंग्रजी ‘ए’ची आडवी रेघ गाळावी लागे. आज स्थिति पालटली आहे. माणसानें आपल्या वळणानें लिहावें आणि यंत्रानें समजून घ्यावें, इतकी मजल आतां गांठली गेली आहे; आणि मराठी लिहिणाऱ्यालाहि जीबोर्डासारख्या कळफलकावर ही सोय मिळते. ही प्रगति लहान नव्हे. ती मान्य करूनच पुढील टीका करावयाची आहे.

ही ओळख होते कशी, हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. कारण साधनांचे गुणदोष त्यांतूनच निघतात. कागदावरील अक्षराचें छायाचित्र यंत्राला दिलें तर त्याला केवळ आकृति मिळते. काचेवर लिहितांना मात्र लेखणी कोठून निघाली, कोठें वळली, केव्हां उचलली, ह्या सर्वांची बिंदूंची मालिका काळाच्या क्रमानें त्याच्या हातीं येते. मोडी वाचणाऱ्यांना ह्या भेदाचें मर्म चटकन् कळेल. बोरू न उचलतां धांवत लिहिलेली ती लिपि नुसत्या आकृतीवरून लागत नाहीं. हात कसा धांवला असेल हें मनांत आणावें लागतें. जीबोर्डाच्या कर्त्यांनीं २०१९ सालीं आपल्या पद्धतीची माहिती प्रसिद्ध केली, तीवरून दिसतें कीं हे बिंदु प्रथम वक्ररेषांच्या रूपांत आणले जातात व मग ते यांत्रिक मज्जाजालाकडे सोंपविले जातात. निर्णय घेतांना यंत्र दोन साक्षी काढतें. पहिली साक्ष आकाराची, दुसरी भाषेची. म्हणजे ह्या भाषेंत कोणत्या अक्षरापुढें कोणतें अक्षर व कोणता शब्द वारंवार येतो, ह्या अनुभवाची. दोन्ही साक्षी जुळल्या तर प्रश्न नाहीं. न जुळल्या तर काय होतें, तें पुढें पाहूं.

ह्या साधनांचे स्थूलमानानें तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग गिरवून घेणाऱ्या ॲप्सचा. पडद्यावर ठिपक्यांचा ‘क’ येतो, मूल त्यावरून बोट फिरवितें, बोट मार्गावरून ढळलें तर रेघ उमटत नाहीं, आणि अक्षर पुरें झालें कीं टाळ्या वाजतात. पालकांस हें फार आवडतें. आपल्या जुन्या शाळेंतला कित्ता गिरवण्याचाच हा नवा अवतार आहे, असें त्यांना वाटतें. हा समज वरवरचा आहे. कित्त्यांत गिरवणें ही पहिली पायरी होती. तिच्या खालीं मोकळी ओळ असे आणि खरा अभ्यास त्या मोकळ्या ओळींत होई. पंतोजींच्या शाळेंतली धूळपाटी तर याहून मोकळी. लांकडी पाटीवर धूळ पसरावी, बोटानें किंवा काडीनें अक्षर काढावें, चुकलें तर आपल्याच हातानें सारखें करावें. बोट तेथेंहि होतें. परंतु धूळ बोटाला अडवीत असे, म्हणून हाताला रेघेचें वजन कळे. गुळगुळीत काचेंत तो अडसर नाहीं, आणि ठिपक्यांच्या कुंपणामुळें चुकण्याची मोकळीकहि नाहीं.

ही केवळ जुन्याची आवड नव्हे. २०१२ सालीं कॅरिन जेम्स व लॉरा एंगलहार्ट ह्या अमेरिकन संशोधिकांनीं अद्याप वाचूं न लागलेल्या पांच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. त्यांच्याकडून कांहीं अक्षरें हातानें मोकळीं काढून घेतलीं, कांहीं गिरवून घेतलीं आणि कांहीं कळ दाबून उमटविलीं. नंतर तीं अक्षरें दाखवून मेंदूचें निरीक्षण केलें. वाचनाच्या कामीं येणारे मेंदूचे भाग मोकळ्या हातानें काढलेल्या अक्षरांच्या वेळीं जागे झाले. गिरविलेल्या व टंकिलेल्या अक्षरांच्या वेळीं तसे झाले नाहींत. ह्याची उपपत्ति मोठी मनोरंजक आहे. मूल स्वतः ‘क’ काढतें तेव्हां तो दर वेळीं निराळा निघतो. एकदां पोट मोठें, एकदां शेपूट आंखूड, एकदां दांडाच तिरपा. ह्या सर्व वांकड्या ‘क’ंमधून ‘क’पण म्हणजे काय हें त्याला उमगतें. प्रयोग लहान होता, आणि रोमन अक्षरांवरचा होता. त्यावर मोठी इमारत उभारूं नये. तरी एवढें खरें कीं, मुलाला चुकूं न देणारें साधन त्याच्या शिकण्याचें मुख्य द्रव्यच काढून घेतें. ‘स्टोन्स ऑफ व्हेनिस’च्या १८५३ सालच्या खंडांत गॉथिक शिल्पाची मीमांसा करतांना रस्किननें असा विचार मांडला कीं, कारागिराकडून निर्दोष सफाईच मागाल तर त्याच्यांतील माणूस गमावून बसाल. बालवर्गांतल्या अक्षरालाहि तो विचार लागू पडतो. गिरवून घेणारीं ॲप्स आठ-दहा दिवसांच्या ओळखीपुरतीं ठीक. त्यांवर महिनोगणती मूल बसविणें हा अभ्यासाचा आभास आहे.

दुसरा वर्ग हस्तलेखन ओळखणाऱ्या कळफलकांचा. प्रौढांना ह्यांचा उपयोग निःसंशय आहे. देवनागरीचा कळफलक न शिकलेल्या गृहिणीला किंवा आजोबांना आतां रोमन लिपीची ओशाळकी पत्करावी लागत नाहीं. ऱ्हस्व वेलांटी लिहितांना अक्षराच्या डावीकडे येते, पण टंकतांना अक्षर आधीं व वेलांटी मागून द्यावी लागते. रफार उच्चारांत आधीं, लिहिण्यांत डोक्यावर. ‘सूर्या’ आणि ‘सुऱ्या’ यांतील दोन प्रकारचे ‘र’ कोणत्या कळांनीं साधावयाचे, ह्याचा तर सुशिक्षितांनाहि उमज पडत नाहीं. लेखणीला ह्या अडचणी मुळांतच नाहींत. आपल्या लिपीचें घटक अक्षर आहे, कळफलकाचा घटक त्या अक्षराचे तुकडे आहेत; हात अक्षर अखंड काढतो, म्हणून हाताची वाट आपल्या लिपीला अधिक स्वाभाविक आहे.

परंतु हेंच साधन शिकणाऱ्या मुलाच्या हातीं दिलें कीं त्याचा दोष उघड होतो. मुलानें जोडाक्षर कसें फोडलें, काना आधीं दिला कीं मागून, शिरोरेघ अक्षरागणिक ओढली कीं शब्दभर, हें सर्व यंत्राला कळतें. पण क्षणार्धांत छापील शब्द उभा राहतो आणि हाताची खूण नाहींशी होते. शिक्षकापुढें येतो तो निष्कलंक छापील मजकूर. त्यांत मुलाचें काय आणि यंत्राचें काय, हें कोणासच सांगतां येत नाहीं.

येथेंच मघांच्या दोन साक्षींचा प्रश्न उद्भवतो. आमच्या भागांतलें मूल ‘मला’ ऐवजीं ‘मले’ म्हणतें आणि लिहितें. मात्रा जरा अस्पष्ट पडली कीं भाषेची साक्ष ‘मला’च्या बाजूनें जाणार, हें त्या यंत्राच्या रचनेवरूनच ओळखतां येतें, कारण त्याच्या अनुभवांत ‘मला’ हजारों वेळां येऊन गेलेला असतो आणि ‘मले’ क्वचित्. वऱ्हाडी मुलाच्या बाबतींत ह्याचें फारसें कोणास वाटणार नाहीं. प्रमाण भाषा आयतीच शिकली, असेंहि कोणी म्हणेल. पण ह्याच जिल्ह्यांत पोहरादेवी हें बंजारा समाजाचें मोठें तीर्थस्थान आहे आणि गांवोगांव तांडे आहेत. तांड्यावरील मूल घरीं गोरमाटी बोलतें. त्या भाषेला रूढ अशी स्वतःची लिपि नाहीं; आपल्याकडे ती देवनागरींतच उतरविली जाते. त्या मुलानें घरचा एखादा शब्द काचेवर लिहिला तर त्याच्या शेजारचा मराठी शब्द पुढें करण्याकडेच यंत्राचा कल राहणार. शिक्षक चूक दाखवितो तेव्हां मूल विचारूं शकतें, वाद घालूं शकतें, निदान आपला मूळ शब्द खोडलेला पाहूं शकतें. येथें शब्द खोडला जात नाहीं. तो लिहिलाच गेला नव्हता, असें होतें. भाषेच्या दृष्टीनें ही हानि आम्हांस सर्वांत मोठी वाटते.

तिसरा वर्ग विद्युत्-फळ्यांचा व वह्यांचा. येथें शाई शाईच राहते. तिचें छापील अक्षर करण्याची सक्ति नसते. गणित, रसायन, व्याकरणांतील वाक्यपृथक्करण ह्या विषयांना दुसरें साधन चालतच नाहीं. समीकरण सोडवितांना एक पद ह्या बाजूचें त्या बाजूला नेलें, तेथें बाण काढला, चुकलेलें चिन्ह खोडून वर दुसरें दिलें, ही सर्व हालचाल हाच धडा असतो. मायक्रोसॉफ्टच्या ‘वननोट’ ह्या वहींत लिहिलेलें पुन्हा पहिल्या रेघेपासून क्रमानें उमटतांना पाहण्याची सोय आहे. आमच्या मतें ह्या सर्व साधनांत शिक्षणाचें खरें मर्म ओळखणारा गुण तो हाच. कागदावरच्या वहींतहि ही सोय नाहीं. मुलाचें उत्तर चुकलें एवढेंच न कळतां, तें कोणत्या पायरीवर चुकलें हें शिक्षकाला त्यांत दिसूं शकतें.

तथापि ह्या वर्गालाहि एक मोठें वैगुण्य आहे, तें टिकाऊपणाचें. गूगलचा ‘जॅमबोर्ड’ हा फळा अनेक शाळांनीं वापरला. ३१ डिसेंबर २०२४ रोजीं तो कायमचा बंद झाला. ज्यांनीं आपले फळे मुदतींत उतरवून घेतले त्यांचें लेखन वांचलें. ह्याच्या शेजारीं आमच्या जिल्ह्यांतलीं दोन उदाहरणें ठेवून पाहावीं. वाशीम म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म. येथें १९३९ सालीं दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सांपडला. त्यांतला कांहीं भाग संस्कृत व कांहीं प्राकृत आहे, आणि सुमारें सोळाशें वर्षांनंतरहि मिराशींसारख्या विद्वानांना तो वाचतां आला. दुसरें उदाहरण कारंजाचें. तेथील जैन भांडारांत हातानें लिहिलेल्या पोथ्या पिढ्यान्पिढ्या जपल्या गेल्या, आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजांतील प्राध्यापक हीरालाल जैन यांनीं ‘करकंडचरिउ’सारखे अपभ्रंश ग्रंथ १९३० नंतरच्या दशकांत त्या परंपरेंतून उजेडांत आणले. अशा जुन्या पोथ्यांत लेखनिकाची चूक झाली कीं तेवढ्या जागीं पिवळी हरताळ लावीत आणि वर शुद्ध अक्षर लिहीत. ‘हरताळ फासणें’ हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला. परंतु हरताळेचा पिवळा डाग राहतो. येथें कांहीं चुकलें होतें, हें तो संशोधकाला सांगतो, आणि कधीं कधीं त्या डागावरूनच मूळ पाठाचा शोध लागतो. काचेवरील ‘पूर्ववत्’ करण्याच्या खुणेला असा डाग नाहीं.

आतां आक्षेपांचा विचार. पहिला आक्षेप असा कीं, हाताच्या लेखनाचें माहात्म्य उगीच वाढविलें जातें. यांत तथ्य आहे. २०१४ सालीं म्यूलर व ओपनहायमर यांनीं हातानें टिपणें घेणाऱ्यांस विषय अधिक उमजतो असा निष्कर्ष काढला आणि तो जगभर गाजला; २०१९ सालीं तोच प्रयोग पुन्हा करणाऱ्यांना इतका स्पष्ट फरक आढळला नाहीं. २०२४ सालीं नॉर्वेंतील त्रोंधाइम येथें ३६ विद्यार्थ्यांवर झालेल्या पाहणींत पडद्यावर डिजिटल लेखणीनें लिहितांना मेंदूच्या भागांतील परस्परसंबंध टंकतांनापेक्षां अधिक व्यापक दिसले; परंतु ते विद्यार्थी प्रौढ होते आणि त्यांना पुढें काय किती आठवलें, हें त्यांत तपासलेलें नव्हतें. तेव्हां लेखणी हातीं धरली कीं बुद्धि वाढते, असा मंत्र कोणी जपूं नये. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या मुलांचा हात शारीरिक व्यंगामुळें चालत नाहीं, किंवा ज्यांना लेखनाची जन्मजात अडचण आहे, त्यांना कळफलक हें वरदान आहे. त्यांच्यावर हस्ताक्षराची सक्ति करणें निर्दयपणाचें होईल. आमचें म्हणणें त्यांच्याविषयीं नाहीं.

तिसरा आक्षेप पैशाचा. काचेवर नीट चालणारी लेखणी महाग. ती सर्वच टॅब्लेटवर चालत नाहीं आणि सामान्य मोबाइलवर तर बोटच चालवावें लागतें. चार इंच रुंदीच्या आंतल्या काचेवर बोटानें निबंध लिहून होत नाहीं. ह्यास उत्तर सोपें आहे व तें घरांतच आहे. आंखलेली वही, साधें पेन आणि मोबाइलचा कॅमेरा हें आपल्या परिस्थितींत उत्तम हस्तलेखन-साधन होय. मुलानें वहींत लिहावें, खाडाखोडीसकट पानाचें छायाचित्र शिक्षकाकडे जावें, शिक्षकानें त्याच चित्रावर खुणा करून तें परत पाठवावें. ह्यांत लेखनाचा क्रम दिसत नाहीं, हें खरें. परंतु बाकीचें सर्व टिकतें, आणि वही घरीं राहते. शिवाय ह्याच मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेंत तास-तास कागदावर लिहावयाचें असतें. वर्षभर पर्यायांवर बोट ठेवणाऱ्या मुलाचा हात त्या दिवशीं आखडला तर दोष त्याचा नव्हे.

ज्यांना ह्या साधनांची निवड करावयाची आहे त्यांनीं तीं घेण्यापूर्वीं चार गोष्टी पाहाव्या. मुलाची शाई छापील अक्षरांबरोबर मूळ रूपांत राहते कीं नाहीं. यंत्रानें लाविलेला शब्द मुलाला विचारून लागतो कीं परस्पर. ठिपक्यांच्या धड्यापुढें मोकळी ओळ आहे कीं नाहीं. आणि वर्षाच्या शेवटीं सारें लेखन उतरवून घरीं नेतां येतें कीं नाहीं. शाळांना साधनें पुरविणाऱ्या शासकीय समित्यांनीं हे प्रश्न विक्रेत्यांस लेखी विचारावे. पालकांनीं तर एवढेंच करावें: मूल ‘झालें’ म्हणून पडदा दाखवूं लागलें कीं त्याला तोच शब्द कागदावर, न पाहतां, एकदां काढावयास सांगावा. तो कितीहि वांकडा निघाला तरी तें पान फाडूं नये.